दूरचा समुद्र आणि पाड्यावरची उचल

(पिंप्राळा, जळगाव येथे संस्थेच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात झालेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय 'सातपुड्याच्या पाड्यांवरचं आपलं काम' असा आहे. मी त्यावरच बोलणार आहे, पण सुरुवात जरा लांबून, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशापासून करतो. तिथल्या कोळ्यांना पिढ्यान्पिढ्या एक गोष्ट माहीत होती. त्यांच्या किनाऱ्याचं पाणी एरवी थंड असतं आणि त्या थंड पाण्यात मासळी भरपूर मिळते. पण नाताळच्या सुमारास पाणी कोमट होतं, आणि काही वर्षी ते इतकं तापतं की मासळीच नाहीशी होते. हे नाताळात घडतं म्हणून त्यांनी त्या उबदार प्रवाहाला 'एल निनो' म्हटलं. त्यांच्या स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ बाळ, म्हणजे बाळ येशू. आज टीव्हीवर एल निनोचं नाव निघालं की आपल्या शेतकऱ्याच्या छातीत धस्स होतं. ते नाव कुठून आलं, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल म्हणून सांगितलं.

पेरूची मासळी आणि चोपडा-यावलच्या डोंगरातला मका यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या संस्थेच्या पैशांशीही येऊन भिडतो.

आधी समुद्राचं काम कसं चालतं ते सांगतो. घरी परातीत पाणी घ्या आणि एका कडेने फुंकर मारत राहा. पाणी समोरच्या कडेला सरकून थोडं वर चढतं. प्रशांत महासागर ही अशीच एक अफाट परात आहे. विषुववृत्तावर तिथे वारे बहुतेक काळ पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. उन्हानं तापलेलं वरचं पाणी ते इंडोनेशियाच्या बाजूला ढकलतात. तिकडे समुद्राची पातळी अमेरिकेच्या बाजूपेक्षा जवळजवळ अर्धा मीटर उंच राहते. इकडे पेरूजवळ वरचं पाणी सरकून गेल्यामुळे खालचं थंड पाणी वर येतं. इंडोनेशियाजवळच्या गरम पाण्यावर हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. ती हवा वरच्या वर पूर्वेला जाऊन थंड समुद्रावर खाली उतरते. रहाटासारखं हे चक्र फिरत असतं.

दोन ते सात वर्षांत कधीतरी हे वारे मंदावतात. मग साठलेलं गरम पाणी पूर्वेकडे परत येऊ लागतं, आणि ढगांचा कारखानाही त्याच्याबरोबर पूर्वेला सरकतो. हवा वर चढायची जागा बदलली की खाली उतरायची जागाही बदलते. अशा वर्षी भारताच्या अंगाला हवा खाली उतरण्याकडे कल असतो. खाली उतरणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत. पावसाळा येतो, पण त्याचा दम मध्येच तुटतो. हाच एल निनो. मध्य प्रशांतातल्या एका ठराविक पट्ट्याचं तापमान सरासरीपेक्षा अर्धा अंश सेल्सिअस जास्त झालं आणि काही महिने तसंच राहिलं, की शास्त्रज्ञ त्याला एल निनो म्हणतात. अर्धाच अंश. आपल्याला ताप मोजताना अर्ध्या अंशाचं काही वाटत नाही, पण हजारो किलोमीटरचा समुद्र अर्धा अंश तापणं ही साधी गोष्ट नव्हे. याच्या उलट झालं, म्हणजे वारे जोरात आणि पाणी जास्त थंड, तर त्याला 'ला निना' म्हणतात. ती बहुधा आपल्याला चांगला पाऊस देते.

ही जोडणी उलगडायला लागली तीही आपल्याच दुष्काळांमुळे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत लाखो माणसं मेली. पुढे १८९९ साली पाऊस पुन्हा फसला. छप्पनचा काळ म्हणून आपली म्हातारी माणसं ज्याचं नाव घेत, तो हाच. खानदेशानेही तो भोगला. ही दोन्ही वर्षं एल निनोची होती, हे आता कळलंय. त्या वेळी मात्र हवामान खात्याच्या प्रमुखांनी १८९९ च्या पावसाळ्याचा अंदाज चांगला दिला होता! नंतर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती त्या खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे, पावसाचे, नद्यांच्या पुराचे आकडे गोळा केले आणि कारकुनांकडून हाताने हिशेब करून घेतले. त्यांना दिसलं की प्रशांताच्या एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला कमी होतो आणि आपला पाऊस या झोक्याबरोबर हलतो. झोका का हलतो, ते त्यांना सांगता आलं नाही. समुद्राचं तापमान आणि हा झोका एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत, हे १९६९ मध्ये याकोब बियर्कनेस यांनी मांडलं. १९८० मध्ये आपल्या डी. आर. सिक्का यांनी एल निनो आणि भारतातली दुष्काळी वर्षं शेजारी ठेवून दाखवली.

इथल्या वडील मंडळींना १९७२ आठवत असेल. खडी फोडायची कामं, सुकडी, अमेरिकेची लाल मिलो. रोजगार हमी त्या दुष्काळातूनच उभी राहिली. त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीच्या तीन चतुर्थांशावर आला होता. त्याच वर्षी तिकडे पेरूचा मासळीचा धंदाही कोसळला. दोन टोकांच्या माणसांना एकमेकांचा पत्ता नव्हता, पण दोघांच्या ताटातलं एकाच समुद्राने काढून घेतलं होतं.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण काढायला हवी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायांना केडगावला घेऊन आल्या. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो आल्या. मुक्ती मिशन मोठं झालं ते या दोन दुष्काळांत. आपल्या महाराष्ट्रातल्या मंडळीच्या इतिहासाची बरीच पानं दुष्काळाने लिहिलेली आहेत. अनाथ मुलं, धान्याच्या गाड्या, विहिरीची कामं. त्या कामाचा आपण अभिमान बाळगतो आणि तो योग्यच आहे. पण एक गोष्ट नोंदवतो: त्या काळच्या सेवकांना दुष्काळ आला हे माणसं रस्त्यावर पडायला लागल्यावरच समजत असे. आपल्याला काही महिने आधी कळू शकतं.

'कळू शकतं' म्हणतोय, कारण हे काम नाण्याच्या छाप-काट्यापेक्षा थोडं बरं आहे, त्याहून फार नाही. १९५१ पासून २०२२ पर्यंत एल निनोची १५ वर्षं झाली. त्यांपैकी ६ वर्षी पाऊस सरासरीइतका किंवा जास्त पडला, ९ वर्षी कमी. २००२ साली सरासरीच्या ८१ टक्के, २००९ साली ७८ टक्के, २०१५ साली ८६ टक्के. पण १९९७ पाहा. शतकातला सर्वांत जोरदार म्हणावा असा एल निनो, सगळ्यांनी धसका घेतलेला, आणि पाऊस १०२ टक्के!

असं का झालं याचं उत्तर मिळालं दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, आणि ते आपल्या जवळच्या समुद्रात मिळालं. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन ही आपली माणसं आणि जपानचे यामागाता यांनी दाखवलं की हिंदी महासागरातही असा झोका आहे. कधी आफ्रिकेकडची बाजू गरम आणि सुमात्राकडची थंड, तर कधी उलट. याला हिंदी महासागराचा द्विध्रुव म्हणतात. आफ्रिकेची बाजू गरम असली की आपल्या पावसाला बळ मिळतं. १९९७ मध्ये तसं होतं. २०१९ मध्ये तर हा झोका फारच जोरात होता. त्या वर्षी जून कोरडा गेला आणि नंतर पाऊस थांबेचना. हंगाम ११० टक्क्यांवर गेला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत कोसळत राहिला. कापूस काळा पडला, शेतात कापून ठेवलेल्या मक्याच्या कणसांना कोंब फुटले. आपल्याकडे त्याला ओला दुष्काळ म्हणतात. म्हणून चांगला झोका आणि वाईट झोका अशी सोपी वाटणी करू नये.

आता २०२३ कडे येतो, कारण ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. जूनमध्ये एल निनो आल्याचं जाहीर झालं. जुलैत देशात सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस पडला, आणि लोक म्हणू लागले, कुठे गेला तुमचा एल निनो? मग ऑगस्ट आला. १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट, ३६ टक्के तूट. सप्टेंबरमध्ये पुन्हा पाऊस झाला आणि हंगामाची बेरीज निघाली ९४ टक्के. कागदावर ९४ टक्के म्हणजे फारसं काही बिघडलेलं नाही. पण डोंगरउतारावरची जमीन मुरमाड असते. तिच्यात ओल आठ-दहा दिवस टिकते. मका तुऱ्यावर असताना पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला, तर नंतर आलेल्या सप्टेंबरच्या पावसाने कडबा हिरवा होतो, कणीस भरत नाही. पोटाला ऑगस्ट लागतो, बेरीज लागत नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आपल्या भागातले चाळीसगाव, शिंदखेडा आणि नंदुरबार होते. इतर तालुक्यांतल्या पाड्यांवर मका वाळला नव्हता असा त्याचा अर्थ नाही.

आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत पाड्यांवर काय झालेलं असतं, ते मला सांगायचं आहे.

पावरा, भिल्ल, तडवी, या घरांमधलं गेल्या वर्षीचं धान्य आषाढ-श्रावणात संपतं. नवीन धान्य दसऱ्याच्या आसपास येतं. मधले दोन-अडीच महिने म्हणजे उधारीचे. उडीद-मूग आधी निघतात, त्यावर थोडं भागतं. नेमका याच काळात मुकादम येतो. गुजरातेत सुरत-बारडोलीकडे ऊसतोड असते, तिच्यासाठी तो उचल देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एका कोयत्याची उचल अमुक. पाऊस बरा असला की माणूस थांबतो, म्हणतो मका काढून दिवाळीनंतर जाऊ, मुलं आजीकडे ठेवू, शाळा चालू राहील. मका वाळताना दिसला की पोळ्याच्या आधीच उचल घेतो. ती किती मिळेल, हे त्याच्या घरात किती दिवसांचं पीठ आहे यावर ठरतं. ज्याच्या घरी पीठ नाही त्याला भाव करता येत नाही. एकदा उचल घेतली की मग फेडेपर्यंत सुटका नाही. हंगाम संपताना हिशेबात अंगावर बाकी निघते, ती पुढच्या वर्षी फिरते. सगळं कुटुंब जातं. मुलं जातात. होळीला, भोंगऱ्याच्या बाजाराला परत येतात तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं.

मुकादमाला मी दोष द्यायला उभा नाही. तोही बहुतेक वेळा त्याच समाजातला असतो आणि वरच्याला बांधलेला असतो. पण तो आपल्यापेक्षा एका बाबतीत पुढे आहे. तो वेळेवर येतो. मदत करणाऱ्या संस्थांची गाडी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात निघते, कारण दुष्काळ जाहीर झाल्याशिवाय, भेगाळलेल्या जमिनीचा फोटो छापून आल्याशिवाय दान जमा होत नाही. यात दात्याचा दोष नाही, माणूस पाहिल्यावरच हेलावतो. पण पाड्यावर गाडी पोहोचते तेव्हा घराला कुलूप असतं. एका पाड्यावर आम्ही कांबळी आणि धान्य घेऊन गेलो तेव्हा ते घ्यायला फक्त म्हातारी माणसं होती. बाकीचे सगळे उसाच्या फडात.

योसेफाची गोष्ट आपल्याला शब्बाथ शाळेपासून पाठ आहे. त्याने सुकाळात पाचवा हिस्सा कोठारात घालून ठेवला. गंमत म्हणजे मिसरच्या नील नदीचा पूर इथियोपियाच्या डोंगरातल्या पावसावर चालतो आणि एल निनोच्या वर्षी तो पाऊसही बहुधा कमी पडतो. म्हणून योसेफाचा दुष्काळ एल निनोचा होता, असं मात्र मी म्हणणार नाही. एल निनो वर्षभर टिकतो, सात वर्षं नाही, आणि पवित्र शास्त्राला विज्ञानाची ठिगळं लावायची मला हौस नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. योसेफाला खात्री होती. आपल्याला १५ पैकी ९ इतकंच ठाऊक आहे. एवढ्या माहितीवर पैसा सोडायचा का, हा खरा प्रश्न आहे.

माझं उत्तर 'होय' असं आहे, आणि त्याचं कारण भाबडेपणा नाही, हिशेब आहे. समजा मेच्या अखेरीस समुद्र तापलेला दिसतोय म्हणून आपण जूनमध्ये ज्वारी, तांदूळ, डाळ आणि दुबार पेरणीसाठी थोडं उडीद-मुगाचं बियाणं घेऊन ठेवलं, आणि पाऊस १९९७ सारखा छान पडला. नुकसान काय? श्रावणात घरं तशीही रिकामी असतात. ते धान्य धान्य-बँकेतून उसनं जाईल, दसऱ्यानंतर परत येईल. बियाणं वापरलं गेलं नाही तर थोडा तोटा सोसू. याउलट काहीच घेतलं नाही आणि ऑगस्ट २०२३ सारखा गेला, तर ज्या घरात दोन महिन्यांचं पीठ असतं तर मुलं शाळेत राहिली असती, ते घर पोळ्याच्या आधी अंगठा देऊन बसतं. हे दोन तोटे एका तराजूत बसत नाहीत.

तारखांचंही सांगतो, कारण यात घाई करूनही चालत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत कुणी छातीठोकपणे म्हणालं की यंदा एल निनो येणार, तर ऐकून घ्या आणि थांबा. मार्च ते मे या काळात समुद्र आपलं मन बदलत असतो, तेव्हाचे अंदाज बरेचदा फसतात. हवामान खातं पहिला अंदाज एप्रिलच्या मध्याला देतं आणि सुधारलेला मेच्या अखेरीला. दुसरा जास्त भरवशाचा. आपल्याकडे याच दिवसांत आखाजी येते आणि बुलढाण्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत गावोगाव चर्चेत असतं. पाड्यावरचा माणूस टिटवीची अंडी कुठे घातली तेही बघतो. मी त्याच्याशी वाद घालत बसत नाही. त्याची बी-बियाण्याची तयारी या दिवसांत मनात चाललेली असते, म्हणून समुद्राची बातमी सांगायलाही हीच वेळ चांगली. मी सांगतो तेव्हा शब्द जपून वापरतो: "दादा, यंदा पंधरात नऊ असा डाव आहे." जुगाराची भाषा काही जणांना आवडणार नाही, पण ती लगेच समजते, आणि माणूस सगळा मका न लावता थोडी ज्वारी, थोडा उडीद टाकतो.

समुद्र सगळंच सांगत नाही, याचाही पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१८ च्या पावसाळ्यात एल निनो नव्हता, तो पुढे हिवाळ्यात आला आणि तोही हलका. तरी ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले आणि जळगाव जिल्ह्यातले बहुतेक तालुके त्यांत होते. म्हणजे मेचा अंदाज चांगला आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. आपल्या जिल्ह्यात चांगल्या वर्षीही सहाशे-सातशे मिलिमीटरच पडतो, त्यात चुकायला जागा नाही. म्हणून दुसरी खूण जमिनीवरची हवी. महसूल मंडळात पर्जन्यमापक असतं, रोजचा आकडा मिळतो. जुलैच्या शेवटापासून सलग बारा-पंधरा दिवस कोरडे गेले की समुद्र काहीही म्हणो, धान्य पाड्यावर पोचायला हवं. १५ ऑगस्टच्या आत. त्यानंतर मुकादम गावात असतो.

तर मंडळी, मागणी अशी आहे. वार्षिक दानातला एक भाग, किती तो कमिटीने ठरवावा, या कामासाठी बाजूला ठेवावा आणि तो भेगाळलेल्या जमिनीचा फोटो न मागता जूनमध्ये खर्च करायची मोकळीक द्यावी. काही वर्षी आम्ही तुम्हाला येऊन सांगू की पाऊस उत्तम झाला, धान्य उसनं जाऊन परत आलं. ते ऐकायला तुम्हाला फार रोमांचक वाटणार नाही. वार्तापत्रात छापायला फोटोही मिळणार नाही, शाळेत बसलेल्या पोरांचा सोडला तर.

महिला मंडळाने एक प्रश्न आधीच लिहून दिलाय: धान्य परत आलं नाही तर? काही घरांकडून येणार नाही, हे धरून चाला. पण पाड्यावरच्या बायकांच्या गटाकडे हिशेब दिला तर वसुली बरी होते, हा आमचा अनुभव आहे. कोणाच्या घरी खरंच नाही आणि कोण टाळतोय, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. वजनकाटा आणि वही तेवढी आपण द्यायची. कोठीसाठी पाड्यावरच एखाद्या घराची कोरडी खोली मिळते. उंदरांचा बंदोबस्त मात्र आधी करावा लागतो, त्यासाठी पत्र्याच्या कोठ्या घ्याव्या लागतील. त्यांचा भाव काढून ठेवलाय, कमिटीच्या बैठकीत मांडतो.